खाल्ल्या मिठाचा हिशेब

९ जुलै २०२३ रोजी उद्धव ठाकरे पोहरादेवीला आले होते. शिवसेना फुटून वर्ष झालं होतं आणि आठवडाभरापूर्वी राष्ट्रवादीही फुटली होती. त्या विदर्भ दौऱ्यात त्यांनी पोहरादेवीची शपथ घेऊन सांगितलं, की मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षं वाटून घ्यायचं, असा शब्द अमित शहांनी आपल्याला दिला होता. भाजप हे २०१९ पासून नाकारत आला आहे. शपथेनंतरही त्यानं ते नाकारलं. बंद खोलीत काय ठरलं, ते महाराष्ट्राला आजवर कळलेलं नाही. पण या भांडणात साक्षीला वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं हे गाव घेतलं जावं, याचं मला नवल वाटलं नाही.

पोहरादेवी ही बंजाऱ्यांची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचं मंदिर इथे आहे. रामनवमीला महाराष्ट्राबरोबर तेलंगण, कर्नाटक, आंध्रातूनही तांडेच्या तांडे इथे उतरतात. भोग लावताना निखाऱ्यावर तूप-गूळ सोडतात. तूप चरचरतं, धूर डोळ्यांत जातो, आणि त्या धुरातच म्हातारी माणसं हात जोडून घरातलं एकेक गाऱ्हाणं देवीच्या कानी घालतात. गोरबोलीत आईला याडी म्हणतात, आणि देवीही याडीच. आईपुढे खोटं बोलायला माणूस कचरतो, म्हणून इथल्या शपथेला वजन आहे.

माझ्यासोबत दोघं होते. एक हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले सर. दुसरी त्यांची जुनी विद्यार्थिनी, तांड्यावर वाढलेली, आता पुसदला वकिली करणारी. सर तिला कौतुकानं वकीलबाई म्हणतात. ५ ऑक्टोबर २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालेलं बंजारा विरासत संग्रहालय पाहून आम्ही बाहेर कडुलिंबाखाली बसलो, आणि ‘गद्दार’ या शब्दाचा विषय मीच काढला. हा शब्द गेल्या काही वर्षांत भाषणांत, फलकांवर, विधानभवनाच्या पायऱ्यांवर इतका घासला गेला आहे, की तो नेमका कशाला म्हणायचा हेच कळेनासं झालंय. पुढचं सगळं त्या दोघांचं. मी मध्ये फारसा बोललो नाही.

सर : शपथेपासूनच सुरुवात करू. शपथ आणि शाप एकाच धातूतून आले, शप्. शपथ घेणारा स्वतःलाच शाप देऊन ठेवतो : मी खोटा निघालो तर माझं वाटोळं होवो. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून माणूस बोलतो तेव्हा त्यानं काय पणाला लावलंय ते बघ. ज्या समाजात शपथेचं असं भय होतं, त्याच समाजानं विश्वासघाताला महापाप मानलं. ते भय गेलं आणि आता लोक सकाळी एका पक्षात, संध्याकाळी दुसऱ्या. अशाला गद्दार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

वकीलबाई : सर, शपथा मी रोज ऐकते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, खरं सांगेन म्हणतो आणि पोलिसांकडे जे बोलला ते कोर्टात फिरवतो. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, ‘साक्षीदार फितूर’. आता हा फितूर कोण? बहुतेक वेळा कुणाच्या तरी वावरात मजुरी करणारा. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची, त्याच्याच विहिरीवरून त्याच्या घरी पाणी येतं. त्याला धमकी कुणी दिली, साक्षीला उभं करून वाऱ्यावर कुणी सोडलं, हे कुणी छापत नाही. फितूर मात्र तो.

सर : फितूर शब्दाचं मूळ ठाऊक आहे? अरबी ‘फुतूर’. ढिलाई, खंड, उणीव असा त्याचा अर्थ. हिंदीत ते डोक्यात शिरलं, दिमाग का फितूर. मराठीत मात्र ते किल्ल्यात शिरलं! ताणून बांधलेला दोर कुठेतरी सैल पडला, की किल्ला गेला. आपल्या इतिहासाला ही धास्ती फार. सभासद बखर सांगते, की महाराजांनी प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत असे बरोबरीचे अधिकारी नेमले, म्हणजे एकट्याच्या मनात आलं तरी गड देता येऊ नये. हवालदार म्हणजे ज्याच्या हवाली केलं तो. इंग्रजीतला ‘ट्रीझन’ आणि ‘बिट्रे’ हे शब्दही लॅटिनमधल्या हवाली करण्याच्या क्रियापदावरूनच आलेत. पिढ्यान्‌पिढ्या हाती सोपवत आलेली ‘ट्रॅडिशन’ म्हणजे परंपरा, तीही त्याच कुळातली. सांभाळायला दिलेलं पुढच्याच्या हाती नीट दिलं तर परंपरा. तेच शत्रूच्या हाती दिलं, तर दगा.

वकीलबाई : आणि विश्वासघात?

सर : तो आपला, संस्कृतातला. श्वस् म्हणजे श्वास घेणं. वि-श्वस् म्हणजे मोकळा श्वास घेणं, निर्धास्त होणं. ज्याच्याजवळ छाती दडपत नाही, तिथे विश्वास. आश्वासन, निःश्वास सगळे याच घरातले. घात आला हन् पासून, म्हणजे मारणं. माणूस निर्धास्त श्वास घेत असताना त्याला मारणं, हा विश्वासघात. म्हणूनच शत्रू आपला विश्वासघात करू शकत नाही. शत्रू हल्ला करतो. दगा आपलाच माणूस देतो.

इथे सर थोडे थांबले. मला वाटलं, वकीलबाई आता विषय बदलतील. पण त्यांनी उलट अजून खोलात नेलं.

वकीलबाई : आणि द्रोह? माझ्या कामाचा शब्द तो आहे.

सर : द्रुह् हा फार जुना धातू. अवेस्तात ‘द्रुज्’ म्हणजे असत्य, कपट. इराणचा राजा दारयवहू, ज्याला आपण दरायस म्हणतो, त्यानं बेहिस्तूनच्या कड्यावर शिलालेख कोरवला, त्यात बंडखोरांबद्दल हेच कुळ वापरलंय : त्यांनी ‘द्रौग’ केला, खोटेपणा केला. जर्मन भाषेतला फसवणुकीचा शब्दही याच्याच रक्तातला. आणि पाणिनीचं एक निरीक्षण मला वर्गात सांगायला फार आवडायचं. ज्याचा द्रोह करायचा, त्याला पाणिनी चतुर्थी विभक्ती देतो. दान ज्याला द्यायचं त्याचीही चतुर्थीच. ज्याच्यासमोर हात पुढे करून काही द्यायचं, त्याच्याच जागी द्रोहाचा बळी उभा आहे.

वकीलबाई : सर, तुम्ही इराणच्या राजाचं नाव घेतलंत, तिथेच माझं म्हणणं सुरू होतं. कडा कुणाचा, कोरणारा कुणाचा? राजाचा. जे त्याच्याविरुद्ध उठले ते द्रोही, आणि हे ठरवलं राजानं. आता आपल्या शब्दांची यादी करा. राजद्रोह, स्वामिद्रोह, निमकहराम, बेइमान, गद्दार, फितूर. सगळे शब्द खालून वर बघतात. चाकरानं धन्याला फसवलं, रयतेनं राजाला, शिपायानं किल्लेदाराला. धन्यानं चाकराला फसवलं तर त्याला असा नेमका शब्द आहे? वरच्यानं खालच्याशी केलेल्या दग्याला आपण सभ्य नावं ठेवली आहेत. धोरण बदललं. आश्वासन पाळता आलं नाही. निधी उपलब्ध झाला नाही.

सर : हे जरा जास्त होतंय.

वकीलबाई : निमकहराम घ्या. फारसीतलं नमक, अरबीतलं हराम. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी बेइमानी. आता आमच्याकडे बघा. लमाण हा शब्द अनेकांनी लवणावरून लावलाय. मीठ वाहणारे ते लमाण. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून माझ्या पूर्वजांनी देशभर मीठ नेलं, धान्य नेलं. मोगलांच्या फौजा त्यांच्या धान्यावर चालल्या. १८०३मध्ये असईच्या मोहिमेत इंग्रजांचा वेलस्ली याच तांड्यांच्या भरवशावर होता. लढाई कुणाचीही असो, दोन्हीकडच्या फौजा तांड्याला हात लावत नसत, कारण तांडा लुटला तर उद्या खायचं काय? ही माणसं लाखांचा माल दुसऱ्याच्या भरवशावर घेऊन महिनोन्‌महिने चालायची. व्यापारच विश्वासाचा होता. मग इंग्रजांनी मिठावर मक्तेदारी बसवली, आगगाडी आली, बैल रिकामे झाले. आणि १८७१ला काय केलं? गुन्हेगार जमातींचा कायदा. त्यात नाव चढलं की जन्मानंच चोर. नोंदवहीत नाव, ठाण्यात हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. देशाच्या अनेक भागांत बंजाऱ्यांच्या टोळ्या त्या यादीत गेल्या. ज्यांनी वाहून आणलेलं मीठ खाल्लं त्यांनाच चोर ठरवलं! सांगा सर, इथे मिठाला हरामखोर कोण निघालं? आणि त्यासाठी कुठल्या कोशात कुठला शब्द आहे?

सर काही क्षण बोलले नाहीत. मला स्वतःला या जागी वकीलबाईंचं म्हणणं खोडता आलं नसतं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला आणि त्यानंतर ११ वर्षांनी गहुलीच्या तांड्यातले वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. इतक्या जवळचा हा काळ आहे.

सर : अन्याय झाला, घोर झाला. पण शब्द एकाच दिशेनं बघतात हे मला मान्य नाही. मित्रद्रोह कुठल्या दिशेचा? दोन्ही बरोबरीचे. शरण आलेल्याचा घात हे आपल्याकडे राजाचंच पाप सांगितलंय. वचनभंगाला सगळ्यात जास्त कोण भ्यायचं? राजेच. हरिश्चंद्राची गोष्ट रयतेला धाक घालायला नाही सांगितली.

वकीलबाई : पण कायद्यात कुठला द्रोह आला? मित्रद्रोह नाही आला. राजद्रोह आला, १८७०ला, कलम १२४ अ. टिळकांना १८९७ला दीड वर्ष, १९०८ला सहा वर्षं. आणि १८९७च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅचींनी ज्युरीला काय सांगितलं माहीत आहे? अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा. द्रोह करायला आधी विश्वासाचं नातं लागतं असं तुम्हीच म्हणालात ना? टिळकांनी इंग्रजांना कुठला विश्वास दिला होता, की त्यांनी द्रोह करावा? मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कलम थांबवलं, १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली आणि तो शब्द कलमातून गेला. त्या जागी आलेल्या कलम १५२चा वापर कसा होतो ते आम्ही बघतोय. आणि गदर? गद्दार आणि गदर एकाच अरबी मुळाचे, आणि मुळात गदर म्हणजेच दगा. इंग्रज १८५७ला गदर म्हणायचे. मग १९१३ला अमेरिकेत आपल्या लोकांनी पक्ष काढला आणि त्याचं नाव काय ठेवलं? गदर! शिवी उचलली आणि झेंड्यावर लिहिली. म्हणून म्हणते, गद्दार हा शब्द कोण उच्चारतंय त्यावर त्याचा अर्थ ठरतो. असल्या शब्दावर मी एका साक्षीदाराचीही उलटतपासणी करणार नाही.

सर : मग त्याच गदर पक्षातला एक मराठी माणूस आठव. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे. अमेरिकेत शिकायला गेले, तिथून उठाव करायला परत आले. १९१५च्या फेब्रुवारीत छावण्यांतून उठाव व्हायचा होता. आत घुसलेल्या खबऱ्यानं तो फोडला. पिंगळे मेरठच्या छावणीत बाँबसकट सापडले आणि १६ नोव्हेंबर १९१५ला लाहोरात फासावर गेले. ते २७-२८ वर्षांचे होते. आता सांग, त्या खबऱ्याला काय म्हणशील? परिस्थितीनं गांजलेला साक्षीदार? ज्यांनी गदर हे नाव अभिमानानं लावलं त्यांनाही विश्वासघात करणारा माणूस भेटलाच. शिवी उलटी करता येते, वकीलबाई, पण ते कृत्य उलटं होत नाही. फाशी ती फाशीच.

यावर वकीलबाई गप्प झाल्या, आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती छत्तीसगडपासून विदर्भापर्यंत वेगवेगळ्या रूपांत सांगतात, आणि बालोद जिल्ह्यातल्या खपरी गावचं कुकुरदेव मंदिर त्याच गोष्टीचं म्हणून ओळखलं जातं. एका बंजाऱ्याला सावकाराचं कर्ज फेडता आलं नाही. त्यानं आपला इमानी कुत्रा गहाण ठेवला. कुत्र्याला बजावलं, मी सोडवायला येईपर्यंत इथून हलायचं नाही. काही दिवसांनी सावकाराकडे चोरी झाली. चोरांनी माल कुठे पुरला ते कुत्र्यानं पाहिलं होतं. त्यानं सावकाराला ओढत तिथे नेलं. सगळा माल परत मिळाला. खूश होऊन सावकारानं चिठ्ठी लिहिली, कर्ज फिटलं, आणि ती कुत्र्याच्या गळ्यात बांधून त्याला मोकळं सोडलं. बंजाऱ्यानं लांबून कुत्रा येताना पाहिला. याला वाटलं, यानं माझा शब्द मोडला, सावकारापुढे माझं नाक कापलं. रागाच्या भरात त्यानं काठी घातली. कुत्रा मेल्यावर गळ्यातली चिठ्ठी दिसली.

सर : बघ, ही गोष्ट माझ्या बाजूची आहे. आपला दिलेला शब्द त्या बंजाऱ्याला जिवापेक्षा मोठा होता. कुत्र्यानं शब्द मोडला असं वाटलं, तर कुत्रासुद्धा माफ नाही. आज असा एक तरी पुढारी दाखव.

वकीलबाई : नाही सर, गोष्ट माझ्या बाजूची आहे. त्यानं चिठ्ठी वाचली नाही. गद्दार म्हणायची इतकी घाई झाली की पुरावा गळ्यात बांधलेला असताना दिसला नाही. आणि मेलं कोण? जे इमानी होतं ते.

मला विचाराल तर गोष्ट दोघांच्याही बाजूची आहे, आणि म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली. शब्दाची चाड नसलेल्या माणसानं काठी उचललीच नसती. पण शब्दाची चाड आहे म्हणून काठी आधी आणि चिठ्ठी मागून, हेही चालत नाही. आपल्या इतिहासलेखनात हे किती वेळा झालंय! सूर्याजी पिसाळ हे नाव मराठीत फितुरीचं सामान्यनाम होऊन बसलं. नोव्हेंबर १६८९मध्ये रायगड पडला, येसूबाई आणि बाळ शाहू मोगलांच्या हाती गेले. पण तो किल्ला पिसाळांनीच दिला का, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. फेब्रुवारी २०२५मध्ये ‘छावा’ चित्रपट आला. त्यातल्या गणोजी शिर्क्यांच्या चित्रणावर शिर्के घराण्यातल्या लोकांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी माफी मागितली. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या कृत्याचं, झालं असेल वा नसेल, ओझं आज शाळेत जाणाऱ्या पोरावर येतं. जन्मानं गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१च्या कायद्यात आणि आडनावानं फितूर ठरवणाऱ्या आपल्या सवयीत मला फार अंतर दिसत नाही. वकीलबाईंना मी हे बोलून दाखवलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

सर : ठीक आहे. गद्दार हा शब्द मी बाजूला ठेवतो. पण मग आमदार फुटला, खासदार फुटला, मतदाराची फसवणूक झाली, तर तू काय म्हणशील?

वकीलबाई : कायद्याच्या भाषेत तो ‘अपात्र’ ठरतो. १९८५ची ५२वी घटनादुरुस्ती, दहावी अनुसूची. त्यात कुठेही गद्दार नाही. पक्ष स्वेच्छेनं सोडला का, व्हिप मोडला का, एवढंच विचारलं जातं. आणि २०२२ नंतर बघा, एक गट म्हणतो तुम्ही गद्दार, दुसरा म्हणतो तुम्ही २०१९ला कौल मोडलात, तुम्हीच बाळासाहेबांच्या विचारांशी बेइमान. शिवी एकच, दोन्हीकडून. त्यातून मतदाराला काय कळलं?

सर : आणि सामान्य माणसाच्या भाषेत?

वकीलबाई : तिथे माझा जुना कायदा बरा. कलम ४०५, फौजदारीपात्र न्यासभंग. आता न्याय संहितेत ते ३१६ झालंय. विश्वास ठेवून दिलेली वस्तू परस्पर लंपास करणं. माल वाहून नेणाऱ्यानं केलं तर शिक्षा जास्त, सात वर्षांपर्यंत. हे कलम वाचताना मला नेहमी आमचे बैल आठवतात. या गुन्ह्यात पहिली गोष्ट काय सिद्ध करायची असते माहीत आहे? सोपवणूक. कुणी, कुणाच्या, काय हवाली केलं होतं? ते सिद्ध झालं नाही तर पुढचं काही ऐकूनच घेत नाहीत. विश्वासघात हा तुमचा शब्द मला त्यासाठीच पटतो सर. तो खाली-वर बघत नाही. सरकारलाही लागतो, सालदारालाही लागतो. पण तो वापरायचा तर आधी दाखवावं लागतं की विश्वास कुठला होता. गद्दारला पुरावा लागत नाही. नुसता आवाज मोठा लागतो.

सर : मग तुझ्या समाजाचं सांग. सोपवणूक दाखव.

हा प्रश्न सरांनी मास्तरासारखा विचारला, आणि वकीलबाईंनी विद्यार्थिनीसारखा विचार करून उत्तर दिलं.

वकीलबाई : १९७६च्या दुरुस्ती कायद्यानं तेलंगणातले लंबाडे अनुसूचित जमातीत आले. कर्नाटकात आम्ही अनुसूचित जातीत. महाराष्ट्रात विमुक्त जाती, तीन टक्क्यांत. बोली एक, देवी एक, सीमा ओलांडली की कागद वेगळा. सप्टेंबर २०२५मध्ये हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन आमच्या लोकांनी जमातीच्या मागणीसाठी मोर्चे काढले. त्या मोर्च्यांत विश्वासघात हा शब्द खूप ऐकला. लगेच आदिवासी संघटना विरोधात उतरल्या, कारण त्यांच्या वाट्याला धक्का लागेल ही त्यांची भीती. त्यांनाही तो आपलाच विश्वासघात वाटतो. आता माझ्याच नियमानं बोलायचं तर, महाराष्ट्रानं आम्हाला जमातीचं वचन दिलं होतं, असा कागद माझ्यापाशी नाही. म्हणून मी त्याला विश्वासघात म्हणत नाही. विषमता म्हणते, आणि ती दूर करा म्हणून भांडते. पण १८७१चा कायदा? तो विश्वासघात होता. तिथे सोपवणूक होती. पिढ्यान्‌पिढ्यांचं धान्य आणि मीठ.

सरांनी यावर वाद घातला नाही. शपथेला भय हवं, हा त्यांचा हट्ट मात्र शेवटपर्यंत राहिला, आणि तो मला मोलाचा वाटतो. भय नसलेल्या समाजात कलमं कितीही बदलली तरी खबरे तयार होतातच.

माझा कौल मी देऊन टाकतो. ‘गद्दार’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांनी बातमीच्या मथळ्यातून काढून टाकावा. कुणाच्या तोंडचा असेल तर अवतरणात छापावा, आपला म्हणून छापू नये. ‘विश्वासघात’ जरूर छापावा, पण त्याच बातमीत कुणी कुणाच्या काय हवाली केलं होतं, ते लिहिल्याशिवाय नाही. हा नियम पोहरादेवीच्या शपथेलाही लागू करा आणि मंत्रालयातून तांड्यावर येणाऱ्या प्रत्येक आश्वासनालाही.